मिरचीच्या रोपांना रोजचं भेव

केदारखेड्याच्या नर्सरीत मी घरच्या वावरासाठी मिरचीची रोपं घ्यायला गेलो होतो. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, हे आल्या-आल्याच सांगून टाकलं. सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही.

रोपं विकणाऱ्या बाई पन्नाशीच्या, पायात पुरुषी बूट. हातातल्या काठीला जुन्या साडीचा पट्टा बांधलेला. तो पट्टा बाई ट्रेमधल्या रोपांवरून सावकाश ओढत होत्या. रोपं वाकायची, पुन्हा उभी राहायची.

मी कोपऱ्यातल्या उंच रोपांकडे बोट दाखवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"ती नुस्ती उंच हायेत, सर. ही बुटकी न्या."

"पण हे काय करताय?"

"रोज सकाळी करते. रोपाला वाटतं, कायतरी चावून राह्यलं. मंग ते वाढणं कमी करून अंग टणक करतं. रोग आला तरी जल्दी लोळत न्हाई."

मी चाट पडलो. वाढीचं हार्मोन आणि बचावाचं हार्मोन, एक चढलं की दुसरं दबतं, हे मी दरवर्षी फळ्यावर दोन बाण काढून शिकवतो. बाईंचं काम साडीच्या पट्ट्यावर भागलं होतं.

हौसेनं मी काठी मागून घेतली आणि जोरजोरात फिरवू लागलो. त्यांनी झटकन माझं मनगट धरलं.

"बास, सर! लई भेव दाखवलं तर वाढायचंच इसरतात."

सोमवारी वर्गात एक मुलगी उत्तर देताना अडखळली. माझा आवाज आता चढणार म्हणून सगळा वर्ग चिडीचूप. मी खडू खाली ठेवला आणि मनगट चोळत म्हणालो, "सावकाश सांग."