नलूच्या गळ्यातला दोरा

राजूरच्या कोळसा खाणीतला भीमराज १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि त्यानं घरातले सगळे देव टोपल्यात भरून नाल्यात सोडले. टोपल्याचा दुसरा कान बायकोनं, इंदूबाईनं धरला होता.

वस्तीच्या सभेत तो म्हणायचा, "कोनी सांगते म्हून मानू नोका. इचारा, पाहा, मंग माना." लोकांना पटायचं. पुढं वस्तीतल्याच, दीक्षा घेतलेल्या गोविंदाच्या घरी खंडोबाचा टाक सापडला. "मेलेल्या मायची आठवन हाये," तो काकुळतीनं सांगत राहिला. भीमराजनंच त्याच्याशी रोटीपाणी बंद करायचा ठराव मांडला. गोविंदाचं ऐकून घ्यावं, असं कुणालाच वाटलं नाही.

दोन वर्षांनी भीमराजच्या नलूला मुदतीचा ताप भरला. वणीच्या दवाखान्यातून तो औषध आणायचा, पण ताप काही उतरेना. एका संध्याकाळी खाणीतून परतला, तर पोरीच्या गळ्यात काळा दोरा. तांड्यावर गंडेदोरे देणाऱ्या मोतीबाईकडून इंदूबाईनं आणलेला. त्यानं विळ्यानं तो कापला. पोरगी कण्हली. इंदूबाईनं तिला जवळ घेतलं.

त्याच आठवड्यात नलू गेली.

दुःखाचे दिवस सरले नाहीत तोच सभेत कुणीतरी दोऱ्याचा विषय काढून म्हणालं, "गोविंदाले एक कायदा अन् तुले दुसरा काय?" घरी येऊन भीमराजनं इंदूबाईला मुकुटबनला भावाकडं जायला सांगितलं. तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि निघाली.

वर्षभरानं तो तिला न्यायला गेला. ती भावाच्या शेतात कापूस वेचत होती. बांधावर उभं राहून त्यानं विचारलं, "तू देवाले मानत होती काय?"

"नाई."

"मंग दोरा काहून बांधला?"

"पोरगी तळमळत होती. औषध तुमी आनत होते. माह्या हातात काईच नोयतं, म्हून बांधला." ती वेचतच बोलली. "त्याच दिवशी इचारलं असतं, तं हेच सांगतलं असतं. तुमी साऱ्याईले इचारा म्हनत होते. मले नाई इचारलं."

"चाल घरी."

"आता नाई."

तो एकटाच परतला. राजूरला उतरून घरी न जाता तो गोविंदाच्या दारात गेला आणि प्यायला पाणी मागितलं. गोविंदानं गडवा भरून दिला. हे समजताच वस्तीनं भीमराजलाही सभेत बोलावणं बंद केलं. "ढिला पडला," म्हणाले. त्यांना समजावायला तो गेला नाही. दिवसभर खाणीत राबायचा, रात्री चूल पेटवून भाकरी थापायचा. इंदूबाई मुकुटबनलाच राहिली, ती कायमची.