भूगोलाच्या बाई आणि पडद्यावरच्या बाई

"आधी ते बंद कर."

भूगोलाच्या बाई कुठल्याही खोलीत शिरल्या की पहिलं वाक्य हेच. 'ते' म्हणजे काहीही असायचं. मोबाईल, खडखडणारा पंखा, मागच्या बाकावरची कुजबुज. उंब्रजच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये कशावर तरी हसत होते, तर त्यांनी माझं हसणं बंद करायला लावलं. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतील. त्या आठवल्या की अजून तुमची पाठ ताठ होत असेल. आमच्या बाई तशाच, फक्त मला त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसावं लागायचं.

मला त्या आवडत नव्हत्या. त्यांना तर मी त्याहूनही कमी आवडायचे.

बाईंच्या घरी ऊस, नवरा फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. सुभेदार रोज सकाळी त्यांना मोटारसायकलवरून सोडायचे आणि बाई गेटच्या आत जाईपर्यंत तिथंच उभे राहायचे. त्यांच्या घरात हुकूम कोणाचा चालतो, हे कोणाला विचारावं लागत नव्हतं.

मग संस्थेनं ऑनलाइन शिकवायचा प्लॅटफॉर्म घेतला. साताऱ्याच्या मुख्य कार्यालयातून आदेश आला, प्रत्येक शिक्षकानं त्यावर यायचं आणि आपले धडे चढवायचे. मी वयानं लहान, त्यात विज्ञानाची, म्हणून सगळ्यांना शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीचे कुरकुरत का होईना आले. बाई शेवटी आल्या, पदर खोचून, भांडायच्या तयारीनं.

पहिल्याच पानावर त्यांना 'मी रोबोट नाही' या चौकटीत खूण करायची होती.

"हे कोन मला विचारनार?" त्या म्हणाल्या. "आधी ह्यानं सांगावं, हे कोन हाय."

"बाई, फक्त क्लिक करायचंय."

"मी माणूस हाय हे मी यंत्राला सांगू?"

त्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले तर प्रोजेक्टरच्या पडद्यावर महाराष्ट्राचा भला मोठा नकाशा टांगलेला. तो काढायला हात लावला, तर मुलं एका सुरात ओरडली, "बाईंनी काढू नका म्हणून सांगितलंय!" मी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. बाईंनीही केली. त्यांच्या तक्रारीत मी 'टीव्हीवाली बाई' होते, आणि पुढं शाळेभर तेच नाव झालं.

मुख्याध्यापकांनी लेखी आदेश काढला तेव्हा कुठं बाई रेकॉर्डिंगला उभ्या राहिल्या. धडा पावसाचा होता. ढग घाट चढून येतात, पश्चिमेला रिकामे होतात, पूर्वेच्या माणदेशाला काही उरत नाही. खोटं का बोलू, शिकवायच्या मात्र सुंदर. पण मधेच थांबायच्या. "सांगा बघू, ढग कुठं रिकामे झाले?" असं विचारून समोरच्या रिकाम्या बाकांकडे बघत राहायच्या, मग मान हलवून म्हणायच्या, "शाब्बास. खाली बस."

"बाई, थांबू नका. समोर कोणी नाही."

"पोरांना विचार करायला येळ नको? तू शिकवतीस का पळत सुटतीस?"

मी ते थांबे तसेच ठेवले. काम संपल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याचं करनार काय?"

"मुलांना उजळणीला. शिवाय तुम्ही गेल्यावरही राहील ना, बाई."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कॅमेऱ्याची वायर गुंडाळत बसले.

पुढच्या वर्षी कळलं. माणदेशातल्या आटपाडी तालुक्यात आमच्या संस्थेच्या शाखेत भूगोलाचे सर निवृत्त झाले होते आणि ती जागा संस्थेनं भरलीच नव्हती. भूगोलाच्या तासाला शिपाई बाईंचा व्हिडिओ लावत होता. मला तिथला प्रोजेक्टर बघायला जायचंच होतं. बाई म्हणाल्या, "मी बी येनार." एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी असताना त्या पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. 

आम्ही वर्गाच्या मागच्या दारात उभ्या राहिलो. बरीचशी मुलं मेंढपाळांची. पडद्यावर बाई बोलत होत्या.

"सांगा बघू, ढग कुठं रिकामे झाले?"

एक मुलगा ताडकन उठला आणि मेंढरासारखा ओरडला, "ब्यां!"

"शाब्बास. खाली बस," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या.

वर्ग खिदळला. पुढच्या थांब्याला दुसरा उठला. "बाईच्या डोस्क्यावर!"

"शाब्बास. खाली बस."

रोजचा खेळ होता तो. मला आधी हसू फुटलं, मग मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं. जन्मात कोणाला सहजी शाब्बासकी न दिलेली बाई, आणि समोर ती खिरापत वाटत होती.

"आधी ते बंद कर," त्या शिपायाला म्हणाल्या.

"आवं बाई, वरनं सांगितलंय. तास बुडवायचा न्हाई."

बाई सरळ पुढं गेल्या आणि प्रोजेक्टरच्या तोंडावर हात धरला. पडद्यावरच्या बाई त्यांच्या पंजाच्या सावलीत गेल्या, आवाज तेवढा चालू राहिला. शेवटी शिपायानं बटण दाबलं.

 पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुमाला आमचं आयकू येतं व्हय?"

बाईंनी 'ब्यां' ओरडणाऱ्या मुलाला उभं केलं. "ढग कुठं रिकामे होतात?" तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "ठावं न्हाई? मग ठावं न्हाई म्हन. ओरडू नको." आणि तो तास, पुढचा तास, शाळा सुटेपर्यंतचे सगळे तास त्यांनी घेतले. प्रोजेक्टर तपासायला मला कोणी वर्गात येऊ दिलं नाही.

परतीच्या एसटीत त्या आपण होऊन माझ्या शेजारी बसल्या.

"माझे धडे काढ त्यातनं."

"ते माझ्या हातात नाही, बाई. ते अधिकार साताऱ्याला आहेत."

"घालताना बरे हात होते तुला?"

पुढचा आठवडाभर स्टाफरूममध्ये त्यांनी माझं जगणं नकोसं केलं. शेवटी साताऱ्याहून दोघींना बोलावणं आलं. संस्थेचे सचिव कपाळाला आठ्या घालूनच बसले होते.

"बाई, तो धडा आता संस्थेचा आहे. काढता येणार नाही."

"आवं साहेब, धडा ठेवा तुमाला. तोंड माझं हाय. त्या तोंडानं मी ब्यां करनाऱ्याला शाब्बास म्हनत न्हाई."

"मग तिथं शिकवायला कोण जाणार? त्या रानात जायला कोणी तयार नाही."

"मी जाते."

सचिव हसले. मुजोर बाई आयतीच हाती लागली होती. आठवड्याच्या आत बदलीचा आदेश आला. निवृत्ती जवळ आलेल्या बाईला माणदेशात धाडलं, स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, ही शिक्षाच. बाईंनी नकाशा गुंडाळून काखेत मारला. जाताना माझ्यापाशी थांबल्या. "खुर्ची मोकळी झाली तुझ्या शेजारची. पसर आता." निरोप म्हणतात तो एवढाच.

तिकडं त्यांनी खोली घेतली. रविवारी त्या घरी यायच्या तेव्हा सुभेदार स्टँडवर न्यायला असायचे. भूगोलाच्या तासाला तिथला प्रोजेक्टर पुन्हा लागला नाही, हे मला शिपायाकडून कळत राहिलं.

शेवटच्या दिसल्या त्या कराडच्या स्टँडवर. त्या निवृत्त झाल्यानंतरचा जून होता, शाळा सुरू व्हायचा आठवडा, आणि पाऊस नसल्यानं अंगाची लाही होत होती. हातात पिशवी घेऊन त्या आटपाडीच्या फलाटावर उभ्या. मी पिशवी घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

"बाई, तुम्ही निवृत्त झालात ना?"

"झाले. मग?"

"मग परत तिकडं कशाला?"

"तू संस्थेची माणूस. त्यांनी जागा भरली का, सांग."

"नाही भरली."

"मग मला काय विचारतीस?"

एसटी लागली. कोपरानं गर्दी सारत त्या चढल्या आणि खिडकीची जागा धरली. मी खिडकीखाली गेले. म्हणाले, "बाई, पोचल्यावर फोन करा."

त्यांनी खिडकीची काच ओढली. ती मधेच अडकली. एवढ्या उकाड्यात, दोन्ही हातांनी जोर लावून, त्यांनी ती पार बंद केली.