शाळेच्या भिंतीला लागून

आमच्या भाड्याच्या घराला स्वयंपाकघर आहे की नाही, हे मी घर घेतल्यानंतर पाहिलं. (आहे. पण त्यात एका वेळी एकच माणूस मावतो, आणि तो माणूस माझी आई असल्यामुळे बाकीच्यांचा प्रश्नच मिटला.)

घर बघायला गेलो तेव्हा मी घर बघतच नव्हतो. मी शाळा बघत होतो.

झालं असं, की आमचं गाव खालापूरच्या आत, डोंगराच्या कडेला. गावातली शाळा सातवीपर्यंत. आमची एकुलती एक लेक तन्वी सातवी पास झाली आणि त्याच दिवशी माझ्या बायकोने, माधुरीने, जेवताना जाहीर केलं, "आता जिथे चांगलं हायस्कूल, तिथे आपण राहायचं."

"आणि माझी नोकरी?" मी विचारलं. खालापूरजवळच्या एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या बादल्या बनतात. मी तिथे दुपारच्या पाळीला असतो.

"बादल्या काय पळून जातायत? तुम्ही जाऊन-येऊन करा."

"आनि मी काय हितं भिताडं राखू?" आई ताटावरून म्हणाली. "पोरीसंगं मीबी येनार."

झालं! ठराव एकमताने मंजूर. (माझं मत धरलेलं नव्हतं.)

चौकशीअंती कर्जतमधलं एक हायस्कूल ठरलं. आता त्याच्या जवळचं घर शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी अतिशय शास्त्रशुद्ध पद्धतीने करायचं ठरवलं. तन्वीचं पुस्तकांनी भरलेलं दप्तर स्वतःच्या पाठीला अडकवायचं आणि प्रत्येक घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत चालून बघायचं! भिवपुरीला एक सुरेख घर मिळत होतं. हवेशीर, पाणी भरपूर. पण तिथून पायी निघालेली मुलगी कर्जतला पोचेपर्यंत दहावी पास होईल असा माझा अंदाज पडला. दुसऱ्या एका घराच्या वाटेवर कुत्रा मागे लागला. मी पुढे, कुत्रा मागे, आणि पाठीवर कंपासपेटीचा खुळखुळाट! तसाच धापा टाकत शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तिथला रखवालदार मला बरेच दिवस न्याहाळत असल्यासारखा पुढे आला.

"कितवीत हाय तुमी?" त्याने विचारलं.

शेवटी दिलीपभाऊ नावाच्या एजंटाने आम्हाला सगळ्यांना भिसेगावात एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि गॅलरीचं दार उघडलं. खाली शाळेचं मैदान. नाकासमोर झेंड्याचा खांब. पलीकडे वर्गांची रांग.

"साहेब, ही बिल्डिंग म्हंजे शाळंचं शेवटचं बाकडं समजा!" दिलीपभाऊ म्हणाला.

"आठवीचा वर्ग कुठला?" माधुरीने विचारलं.

"त्यो काय, समूरचाच. खिडकीत कोन बसलंय तेबी दिसतंय."

माधुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी नळ सोडून पाहिला नाही, कुणी पंखा लावून पाहिला नाही. तन्वी तेवढी म्हणाली, "बाबा, आपल्याला ते सगळे दिसणार, म्हणजे त्यांना पण आपण दिसणार ना?"

लेकरू ते! आम्ही तिघंही कौतुकाने हसलो.

शाळेच्या पहिल्या दिवशी तन्वी खाली गेली. मी नुकतीच अंघोळ उरकून, कमरेला टॉवेल गुंडाळून, दात घासत गॅलरीत उभा होतो. (अंघोळीनंतर दात का घासतो, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. त्यात आत्ता नको.) बनियन वाळत घालायला हात वर केला आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

मी जागच्या जागी सावधान! बनियन खांद्यावर, ब्रश तोंडात, फेस हनुवटीवर. अभिमानाने छाती फुगवून समोर पाहतो तो काय, झेंड्याचा खांब आमच्या गॅलरीसमोर असल्यामुळे अख्खी शाळा, शिक्षकांसकट, माझ्याकडेच तोंड करून उभी!

अशा वेळी माणसाने काय करावं? आत पळावं तर राष्ट्रगीताचा अपमान. उभं राहावं तर माझा. मी देशाची बाजू घेतली. आणि तेवढ्यात टॉवेलची गाठ सैल पडायला लागली. छाती फुगवली होती ना, मग पोट आत गेलं होतं, आणि टॉवेल होता पोटाच्या भरवशावर! मी छाती सोडून पोट फुगवलं. श्वास रोखला. गीत काही संपेना. टॉवेल निघाला तो निघालाच, इतक्यात मागून कुणीतरी तो गच्च धरला.

आई! ती आतून धावत आली होती. एका हाताने माझा टॉवेल धरून, दुसरा हात सरळ खाली ताणून, तीही सावधान उभी राहिली. "हलू नको रं सुनील," ती ओठ न हलवता पुटपुटली, "लोकं बघतायत."

गीत संपलं. मी आत वळणार, तोच पीटीचे माने सर माइकवर गरजले, "मुलांनो, समोर तिसऱ्या मजल्यावर बघा! ते काका! तोंडात ब्रश असूनही हलले नाहीत! याला म्हणतात शिस्त! काकांसाठी टाळ्या!"

अख्ख्या शाळेने टाळ्या वाजवल्या. आठवीच्या रांगेत फक्त एका मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"बाबा, उद्यापासून प्रार्थनेच्या वेळी तुम्ही आत थांबायचं," रात्री मी कामावरून आलो तेव्हा तन्वी म्हणाली. "सगळे मला ब्रशकाकांची मुलगी म्हणतात."

मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी पलंगावर बसून राहिलो. तर माइकवरून आवाज, "काका दिसत नाहीत आज? काका!" माझं नाव काही कुणाला माहीत नव्हतं, पण मजला सगळ्यांना माहीत होता. मी शर्ट-पँट घालून, भांग पाडून बाहेर आलो. त्या दिवसापासून माझी नेमणूकच झाली म्हणा ना! वरून सगळं दिसतं म्हणून माने सर मला विचारायचे, "काका, रांगा कशा आहेत?" आणि मी कठड्यावरून वाकून सांगायचो, "सातवी उजवीकडे झुकतेय! नववीतला तो उंच मुलगा मागे घ्या!" कारखान्यात माझं कुणी ऐकत नाही हो. इथे मी हात केला की मुलांची अख्खी ओळ सरकायची! त्या भरात एकदा मी ओरडलो, "आठवी ब, झकास! तन्वी बाळा, खांदे सरळ!"

त्या रात्री मी कामावरून आलो तेव्हा तन्वीने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

माझं हे असं, तोवर आई कामाला लागली होती. तन्वी डबा विसरली. आईने जिना उतरून डबा द्यायचा, तर तिचे गुडघे. तिने गॅलरीत येऊन समोरच्या खिडकीकडे तोंड केलं आणि गावी शेताच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारावी तशी मारली, "ए तनूऽऽ! डबा इसरलीस गं! मेथीची भाजी हाय!"

खिडकीतून गणिताच्या बाई डोकावल्या. "आजी, तास चालू आहे."

"चालू द्या की बाई! मी कुठं थांबीवला? मी नुसता डबा सोडतेय."

आणि तिने टोपलीला दोरी बांधून डबा भिंतीपलीकडे शाळेच्या आवारात उतरवला. (सगळा जन्म विहिरीतून पाणी शेंदण्यात गेलेला, डब्यातली भाजीसुद्धा हलली नाही.) मधल्या सुट्टीत मुलांनी टोपलीभोवती गर्दी केली. आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि ठेचा एकाने खाल्ला, दुसऱ्याने मागितला. आई हरखली. रोज टोपली खाली जायला लागली. पण मुलंही संस्कारी! रिकामी टोपली वर कशी पाठवायची? त्यांनी आपापल्या डब्यातली नावडती भाजी त्यात ठेवायला सुरुवात केली.

भाकरी खाली, कारलं वर. ठेचा खाली, दुधी वर.

आमच्या घरात त्यानंतर वेगळी भाजी अशी शिजलीच नाही. कारलं, दुधी, पडवळ, घोसाळं. कधी एकाच ताटात चारही. "अन्नाला नावं ठेवू नये," आई म्हणायची आणि स्वतः ठेचा-भाकरी खायची. एकदा मी चवीवरून ओळखलं, "हे कारलं कालच्याच घरचं आहे." माधुरी म्हणाली, "नाही, त्यांच्यात गूळ घालतात." इथवर आमची मजल गेली होती!

माधुरी मात्र या सगळ्याच्या वर होती. ती गॅलरीत तांदूळ निवडायच्या निमित्ताने बसून आठवीचा एकेक तास ऐकायची. आणि एक दिवस विज्ञानाच्या तोंडी परीक्षेत सरांनी तन्वीला उभं केलं. "वनस्पती आपलं अन्न तयार करतात त्या क्रियेला काय म्हणतात?" तन्वी विचार करत होती. क्षणभरच. पण आईचं काळीज! माधुरीने हळूच कुजबुजायचं म्हणून तोंडापाशी हात नेला आणि ती कुजबुजली, "प्रकाशसंश्लेऽऽषण!"

मैदानात कवायत थांबली. पलीकडच्या वर्गांच्या खिडक्यांतूनही डोकी बाहेर आली. सर म्हणाले, "तिसऱ्या मजल्याचं उत्तर बरोबर आहे. तन्वी, खाली बस."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचं बोलावणं आलं. मलाच. ऑफिसबाहेरच्या बाकावर मी बसलो होतो. जाणारी-येणारी मुलं कळवळून विचारत होती, "काका, तुम्हाला पण? काय केलंत?"

आत तन्वी आधीच उभी होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची मुलगी हुशार आहे. आमची काही तक्रार नाही. पण तुम्ही लोक शाळेत राहता की घरी, हे आम्हाला कळेनासं झालंय. तिलाही. मी तिलाच विचारलं, बाळ, तुला काय हवंय?"

तन्वीने माझ्याकडे पाहिलं नाही. "मला मामाकडे राहायचंय. पळसदरीला. तिथून मी रिक्षाने येईन."

जिच्या शाळेसाठी आम्ही गाव सोडलं, ती शाळेपासून लांब जायला निघाली होती, आणि तेही आमच्यापासून सुटका म्हणून! वाटलं, रागवावं. मग तिचे ते आवळलेले ओठ दिसले, आणि वाटलं, त्या पहिल्या सकाळी सगळी शाळा टाळ्या वाजवत असताना या पोरीच्या जिवाचं काय झालं असेल? एवढी साधी गोष्ट, पण मी तिसऱ्या मजल्यावरून रांगा बघत होतो, मुलगी नाही.

"जा," मी म्हटलं. "शनिवार-रविवार ये."

माधुरी दोन दिवस रडली. आईने मामाला फोन करून पोरीच्या जेवणाबद्दल दम भरला. निघताना रिक्षात बसल्यावर तन्वी माझा हात धरून म्हणाली, "बाबा, रडू नका ना. शाळेत दिसूच की रोज."

तर सध्या परिस्थिती अशी आहे. शाळेच्या भिंतीला लागून आई-बाप आणि आजी राहतात, आणि मुलगी रोज पळसदरीहून येते. वेळेवर येते, पहिल्या तीनांत येते. प्रार्थनेच्या वेळी मी दिसलो की कुणाला कळणार नाही अशी दोन बोटं कमरेपाशी हलवते. मी मान हलवतो. बास. रांगा आता माने सरांनाच बघू दिल्यात.

"सोडू या का हे घर?" मी आईला विचारलं.

"आनि माझ्या पोरांना भाकरी कोन देईल?" आईने टोपलीची दोरी तपासत विचारलं.

परवा मला ताप होता म्हणून गॅलरीत गेलो नाही. दुपारी दारावर टकटक झाली. खुद्द माने सर! मला वाटलं, तब्येतीची चौकशी करायला आले. त्यांनी पांघरुणात गुरफटलेल्या मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आज प्रार्थनेला गैरहजर? आणि न कळवता? शिस्त म्हणून काही आहे की नाही? उद्या येताना पालकांना घेऊन या."

मी आईकडे आशेने पाहिलं. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "उद्या कशाला सर, आत्ताच आयका! ह्यो लहानपनापास्नं असाच हाय!"