सगळ्याइवर चालते का

जगात दोन वेगळ्या कंपन्यांची दोन यंत्रं जोवर एकमेकांशी बोलायला तयार होत नाहीत, तोवर आमच्या शेजारच्या भाऊंना घास गोड लागणार नाही. पोंभुर्ण्यात माणसांची भांडणं मिटवणारे पुष्कळ आहेत. यंत्रांची भांडणं घरातलीच समजून मनाला लावून घेणारा माणूस मात्र मी एकच पाहिला, आणि तो नऊ वर्षं माझ्या भिंतीला भिंत लावून राहिला. आता बदली होऊन मी तिथून निघाले आहे. भाऊ तिथेच आहेत, आणि त्यांची यंत्रंही.

भाऊंची सगळी नोकरी जंगलातल्या बिनतारी संदेशयंत्रावर गेली. टेकडीवरची एक खोली, कानावर डबा, समोर खरखर. त्या नोकरीनं त्यांना मोठ्यानं बोलायची आणि बोलणं संपलं की 'ओव्हर', म्हणजे आता तुम्ही बोला, असं म्हणायची सवय लावली. निवृत्तीनंतर मोठ्यानं बोलणं जरा कमी झालं, 'ओव्हर' तसंच राहिलं. एकदा आम्ही गल्लीतल्या एका घरी सांत्वनाला गेलो होतो. भाऊंनी गेलेल्या माणसाबद्दल चार फार चांगले शब्द सांगितले, डोळे पुसले आणि म्हणाले, "ओव्हर." त्या घरचा मोठा मुलगा बिचारा, आता आपण काहीतरी बोलायचं असतं असं समजून, वडिलांच्या आजारपणाची हकीकत पहिल्यापासून सांगू लागला. त्याचं सांगून संपलं तेव्हा त्याचं मन हलकं झालेलं दिसत होतं. म्हणजे सवय अगदीच वाईट नव्हती.

त्यांच्या घरापुढच्या छपरीत लांब लाकडी बाक होता आणि त्यावर सात यंत्रं ओळीनं मांडलेली असत. लिलावातून आणलेला एक जाडजूड संगणक, जो सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. दोन लॅपटॉप, त्यातल्या एकाचा पडदा कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं धरून ठेवावा लागे. बाकीचे लहानमोठे फोन, काही बटणांचे, काही बोटाचे. भाऊंच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, प्रत्येकाला जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं होतं, आणि कुठलं झाकण कुणाचं हे भाऊ विसरले की आतून आवाज येई, "जांभळं त्या म्हाताऱ्याचं आहे." बाईंची जीभ गल्लीत नावाजलेली होती. बाकाकडे बोट दाखवून त्या मला म्हणायच्या, "मॅडम, सात डब्बे आहेत पाहा. एकातून बी भात निंगत नाई."

या छपरीत दर रविवारी सकाळी आठ वाजता आमचं संगणक मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे अध्यक्ष भाऊ. बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेले रफीकभाई. दर महिन्याला काहीतरी नवं यंत्र विकत घेणारे बँकेतले साहेब. आणि शाळेत मराठी शिकवणारी मी, जिला या सगळ्यातलं निम्मं कळायचं आणि बाईंचे पोहे पूर्ण कळायचे. सभेचा वृत्तान्त भाऊ स्वतः जाड रजिस्टरमध्ये शाईच्या पेनानं लिहीत. "संगणक मंडळाची वही हातानं का लिहिता?" असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कागद सगळ्याइवर चालते, मॅडम. पोट्टा असो, म्हातारा असो, लाइट असो, नसो."

'सगळ्याइवर चालते का' हा त्यांचा एकच प्रश्न होता. कुणी नवा प्रोग्राम दाखवला, नवं ॲप दाखवलं, की ते किती चांगलं आहे याची चौकशी नंतर. आधी ते बाकावरच्या सातही यंत्रांवर चालतं का ते पाहायचं. एखाद्यावर नाही चाललं की भाऊ ते परत करत, जसं स्थळ परत करतात तसं, दोष न देता, पण ठामपणे. साहेबांनी एकदा पावलं मोजणारं घड्याळ आणलं. भाऊंनी ते हातात बांधून अंगणात चार फेऱ्या मारल्या, मग म्हणाले, "माणसावर चालते हे समजलं," आणि ते घरच्या बकरीच्या पायाला बांधलं. बकरी तासाभरानं परत आली तेव्हा तिची पावलं मोजून झाली होती आणि घड्याळानं तिला आजचं उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल शाबासकी दिली होती. भाऊंनी रजिस्टरमध्ये 'मंजूर' लिहिलं. साहेबांनी त्यानंतर ते घड्याळ फारसं घातलं नाही.

या हट्टाचं आम्ही हसू करायचो. एका रविवारी साहेब जरा वैतागून म्हणाले, "भाऊ, ज्याच्याकडे चांगला फोन आहे त्याच्यासाठी चांगलं ॲप. बाकीच्यांचा एवढा विचार कशाला?" भाऊ चिमट्याचा लॅपटॉप पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "माह्या बाच्या गावात विहीर होती. पानी चांगलंच होतं तिचं. पन बालटी कोन टाकाची अन् कोन नाई, ते ठरलेलं होतं. बा उन्हात उभा राहे, कोनी वरतून ओतन म्हणून." साहेबांनी दुसऱ्या पोह्यांना नको म्हटलं, आणि त्या दिवसापासून तो विषय आम्ही थट्टेवारी नेला नाही.

मग एका मंगळवारी सकाळी बाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. सूप पडल्याचा आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकला. जाऊन पाहते तो बाई एका अंगावर कलंडलेल्या, तोंड वाकडं झालेलं, आणि भाऊ त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. रफीकभाईंनी गाडी आणली, आम्ही त्यांना चंद्रपूरला नेलं. तीन आठवड्यांनी बाई घरी आल्या. हात हलत होता, काठी धरून चालता येत होतं. बोलणं मात्र गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. सापडतील, पण कधी आणि किती ते सांगता येत नाही. सगळ्या शब्दांमधून एकच शब्द त्यांच्याजवळ राहिला होता: काऊन, म्हणजे का. तहान लागली तरी काऊन, पाय दुखला तरी काऊन, माझ्या हाताला हात लावून बसल्या तरी काऊन. ज्या घरातून दिवसभर टोमणे ऐकू यायचे त्या घरातून तो एकच शब्द येऊ लागला.

त्या रविवारी मंडळ भरेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. तब्येत विचारायला म्हणून आम्ही गेलो, तर सातही यंत्रांची झाकणं काढलेली आणि भाऊ रजिस्टर उघडून बसलेले. त्यांनी सभेच्या आवाजात वाचायला सुरुवात केली, "विषय क्रमांक एक. बाईचं बोलनं. सभासदाइनं..." पुढचं त्यांना वाचता येईना. रफीकभाईंनी वही त्यांच्या हातातून घेतली आणि वाचलं, "सभासदाइनं उपाय सुचवावे."

उपाय होता. पडद्यावर चित्रं असतात, चित्राला बोट लावलं की यंत्र ते वाक्य बोलतं. साहेबांना असा एक तयार प्रोग्राम ठाऊक होता, पण तो एकाच कंपनीच्या महागड्या टॅबवर चालायचा. साहेबांनी आपला टॅब तिथल्या तिथे पिशवीतून काढून भाऊंसमोर ठेवला. "ठेवा. मला नको परत." भाऊंनी त्या टॅबवरून हात फिरवला आणि तो साहेबांच्या मांडीवर ठेवला. "तुमचं मन मोठं आहे, साहेब. पन हा उद्या बिघडला तं? कंपनीनं बंद केला तं? तिचं बोलनं एका डब्ब्यात नाई ठेवाचं मले."

आणि मग निवृत्तीला आठ वर्षं झालेला हा माणूस संगणकाची पानं लिहायला शिकला. कुठल्याही यंत्रावर, कितीही जुन्या, इंटरनेट नसतानाही उघडेल असं एक पान. दोन महिने रोज सकाळी तो बाकासमोर बसलेला असे. चिमट्याच्या लॅपटॉपवर चित्रं नीट बसली की छोट्या फोनवर ती एकमेकांच्या अंगावर चढायची; फोनवर नीट केली की लिलावातला संगणक रुसायचा. भाऊ उठून अंगणातल्या कडुलिंबाला दोन फेऱ्या मारत आणि परत बसत. चित्रांसाठी रफीकभाईंनी घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले: बाईंचा तांब्या, बाईंची काठी, बकरी, पोह्यांची कढई. बाई खाटेवरून हे सगळं बघत आणि अधूनमधून म्हणत, "काऊन."

पान तयार झालं. भाऊंनी ते एका फोनवर उघडून बाईंच्या हातात दिलं, आम्ही भोवती उभे. बाईंनी तांब्यावर बोट ठेवलं. फोनमधून एक बाई, बातम्या देतात तशा सुरात, म्हणाली, "कृपया मला पाणी द्या." आमच्या बाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भाऊंकडे. आणि फोन खाटेवर पालथा घालून त्यांनी तोंड फिरवलं. भाऊंनी फोन उचलून आवाज बंद केला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तिले वाटून राह्यलं, मी घरात दुसरी बाई आनली."

"भाऊ, तुमचा आवाज घाला ना," रफीकभाई म्हणाले.

"मले बोलवाचं तिनं, अन् आवाज माहाच? मंग मी ओ कोनाले देऊ?" असं म्हणून भाऊ माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी बोलान का?"

बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भाऊंनी मला खाटेवर बसवून डोक्यावरून गोधडी पांघरली. बाई शेजारी बसल्या, गोधडीचं टोक उचलून माझ्याकडे बघत. मी वर्गात धडा वाचते तसं म्हटलं, "मला पाणी हवे आहे." बाईंनी मान हलवली. मी म्हटलं, "मला पाणी द्या." त्यांनी पुन्हा मान हलवली आणि माझ्या ओठांवर बोट टेकवलं. मला घाम फुटला होता. वीस वर्षं मी मुलांच्या वह्यांमध्ये 'मले' खोडून 'मला' लिहीत आले होते. घरात आई बोलायची ती भाषा मी शाळेच्या फाटकाबाहेर ठेवत असे. त्या गोधडीच्या अंधारात मला आईचा उन्हाळ्यातल्या दुपारचा आवाज आठवला, आणि मी म्हटलं, "मले पानी द्या ना जी." बाईंनी माझा हात घट्ट धरला.

दोन रविवारांत चाळीस वाक्यं झाली. प्रत्येक वाक्य बाईंनी मंजूर केलं, सात-आठ परत पाठवली. त्या बाबतीत त्या भाऊंच्या वरताण निघाल्या. शेवटी एक वाक्य त्यांना हवं होतं जे यादीत नव्हतं. त्या बाकाकडे दाखवत, भाऊंकडे दाखवत, चुलीकडे दाखवत. अर्धा दिवस आम्ही ओळखत होतो. अखेर मी म्हटलं, "तो डब्बा बंद करा अन् जेवाले या?" बाई हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदा हसल्या. पुढचं वर्षभर तेच वाक्य सगळ्यात जास्त वाजलं. पान सातही यंत्रांवर चालत असल्यामुळे, आणि भाऊंनी ती सातही घरभर ठेवल्यामुळे, बाईंना कुठल्याही खोलीतून नवऱ्याला रागवता येऊ लागलं. मी भाजी चिरत असताना भिंतीपलीकडून माझाच आवाज भाऊंना दटावत असे, आणि भाऊ 'आलो, आलो' म्हणत त्याला ओ देत. माझ्या नवऱ्याला पहिले काही दिवस फार दचकायला व्हायचं.

हळूहळू बाईंना शब्द सापडू लागले. आधी पानी, मग बकरी, मग एक दिवस भाऊंना उद्देशून अगदी स्पष्ट 'बह्याड'. भाऊंनी ती गोष्ट अख्ख्या गल्लीत सांगितली. बायकोनं वेडा म्हटल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिलेला नाही. दीड वर्षानं बाईंनी फोन बाजूला ठेवला आणि तुटक का होईना स्वतःचं बोलायला लागल्या.

याच सुमारास रफीकभाईंच्या अहेरीच्या मेहुण्यानं कळवलं की तिकडच्या एका पाड्यावर एका म्हाताऱ्या माणसाची वाचा अशीच गेली आहे, आणि त्या घरात गोंडी बोलतात. भाऊ बस बदलत बदलत अहेरीला गेले. चार दिवस राहिले, त्या घरातल्या वस्तूंचे फोटो काढले, सुनेच्या आवाजात वाक्यं घेतली आणि सुनेच्या साध्या फोनवर ते पान बसवून परत आले. पाय सुजले होते, आणि चेहऱ्यावर शाळेत पहिला आलेल्या मुलाचं तेज होतं. "मॅडम," ते म्हणाले, "सून बोलली ते मले एक अक्षर समजलं नाई. त्या बुढ्याले सगळं समजलं."

यंदा माझी बदली झाली. साहेबांची त्याआधीच झाली होती. मंडळात आता भाऊ आणि रफीकभाई दोघेच उरलेत, तरी रजिस्टर चालू आहे. माझ्या नव्या गावात रविवारची सकाळ फार लांबते, म्हणून आठ वाजले की मी फोन लावते. भाऊ आजचे विषय वाचून दाखवतात, कुठला प्रोग्राम मंजूर, कुठला परत, ते सांगतात. मग म्हणतात, "थांबा, तिले बोलाचं आहे," आणि फोन दोघांच्या मधे धरतात. बाईंचा आवाज येतो, त्यांचा स्वतःचा, जरा घोगरा झालेला. "मॅडम," त्या म्हणतात. मग बराच वेळ काहीच नाही. "कवा," त्या म्हणतात. पुन्हा काही नाही. मला पंख्याची घरघर ऐकू येते, बकरीची घंटा ऐकू येते. नोकरीभर खरखरीत समोरच्याच्या 'ओव्हर'ची वाट पाहिलेले भाऊ तिथेच बसलेले असतात हे मला ठाऊक असतं, आणि ते एक शब्द बोलत नाहीत.

"येता," बाई म्हणतात.