जवळ्याच्या खळ्यात गोल्फ

आमच्या मागल्या खळ्यात प्लास्टिकचं गवत आहे आणि ते दिसलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. खळं म्हणजे घरामागचं सारवलेलं अंगण. आम्ही मासळीवर जगलेली माणसं, आमच्याकडे खळं शोभेसाठी नसतं. माझी आई चाळीस वर्षं तिथं जवळा, ती अगदी बारीक कोळंबी, सुकवत आली. पहाटे बंदरावरून पाट्या आणायच्या, ऊन चढायच्या आत हातानं पातळ पसरायचा, दुपारी उलटायचा, दिवसभर कावळ्यांशी भांडायचं आणि उन्हं कलली की केरसुणीनं गोळा करायचा. चार-आठ दिवसांनी शेणानं सारवण ठरलेलं. तिच्या जवळ्यात कच नसते, हा तिचा तोरा. बाजारात एखाद्या बाईनं मूठभर उचलून संशयानं पाहिलं की ही लगेच, "खडा दाखव मना माज्या जवळ्यात. दाखव!" खडा आजवर कुणाला सापडला नाही.

माझा मोठा भाऊ मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. सात-आठ महिने समुद्रावर, मग दोन महिने सुट्टी. त्या सुट्टीतले आठ दिवस आमच्या वाट्याला, बाकी सगळे मुंबईच्या फ्लॅटला. त्याच्या कप्तानानं त्याला कुठल्याशा देशात गोल्फ शिकवलं. दिवाळीनंतर आला तेव्हा मागल्या दारी उभा राहिला, पावलं टाकत खळं मोजलं आणि म्हणाला, "इथं मस्त पटिंग ग्रीन होईल."

आईनं विचारलं, म्हणजे काय? गुळगुळीत गवताचा तुकडा, त्यात भोकं, काठीनं चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायचा, असं दादानं समजावलं.

"आणि मग?"

"मग काढायचा आणि परत घालायचा."

मी पोट धरून हसले. माझं चुकलंच. मला वाटलं, थट्टा चालली आहे.

दोन दिवसांनी शाळेत शिकवून घरी आले तर मागल्या दारी टेम्पो. कोल्हापूरकडची चार माणसं टिकाव मारत होती. चाळीस वर्षांच्या सारवणाचे पापुद्रे उखडून माडाच्या बुंध्याशी ढीग केला होता, आणि आई त्या माणसांना चहा देत होती! मी किंचाळले. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या, इतकी किंचाळले. दादा शांतपणे म्हणाला, "आईला विचारूनच करतोय." आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "करूंदे गो त्याला."

पुढचे तीन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. खडी पडली, वर बारीक भुकटी पडली. ती दाबायला आणलेल्या यंत्रानं फळीवरची भांडी खाली आली. मग काळं कापड आणि त्यावर त्या हिरव्या गवताची गुंडाळी. पाती ताठ उभी राहावीत म्हणून त्यात पांढरी रेती ओतून ब्रशनं घासून बसवली. शेवटी तीन भोकं आणि प्रत्येकात एक लाल निशाण. दादानं दोन संध्याकाळी चेंडू ढकलले, फोटो काढले आणि बोटीवर निघून गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात बंदरावर जवळा आला. आई दोन पाट्या घेऊन आली आणि सरळ त्या गवतावर पसरून मोकळी झाली. तिचं म्हणणं, खाली कापड, वर गालिचा, मातीचा संबंधच नाही, आता तर सारवायलाही नको. आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं. मोकळी, सपाट, उन्हातली जागा दिसली की आमचे हात पाटीकडेच जातात.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा ती गुडघ्यांवर बसून चिमटीनं जवळा वेचत होती. केरसुणी फिरवली की जवळा पात्यांत आणखी खोल जायचा आणि वर रेती यायची. जेवढा निघाला तेवढा तिनं तीन पाण्यांतून काढला, पुन्हा सुकवला, दाताखाली घालून पाहिला आणि थुंकला. दोन्ही पाट्या तिनं माडाखाली पुरल्या. त्या बाजाराला ती गेली नाही, पुढच्याही नाही. माझ्याशी वाद घातला असता तर बरं वाटलं असतं, पण ती नुसती मागल्या पायरीवर बसून राहायची. दिवसभर काय करायचं, हेच तिला कळेना.

रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. मी त्याला जवळ्याचं सांगितलं. गवतावर मांजरं लोळताना पाहून तो म्हणाला, "अगं, त्यावर मासळी कुणी घालतं का? वास जाईल ना?"

मग मात्र माझा तोल गेला. वासाचं विचारतोस? तुझ्या आईचं काम गेलं आणि तुला वासाची पडली आहे? आठ दिवसांच्या पाहुण्यानं घरच्या बाईची जागा उखडायची? आणखी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, "मी जबरदस्ती केली नव्हती. तिलाच विचार." मी फोन आदळला, कोयती घेतली आणि गवताची एक कड उचकटायला बसले.

आईनं मागून येऊन माझं मनगट धरलं.

"कापू नको. त्यानं सांगितलंन, हितं खेळायला झालं तर मुंबयला ऱ्हाणार नाय, फुडची सगळी सुट्टी हितंच काढीन. म्हणून हो बोलले मी."

म्हणजे तिला सगळं कळत होतं. जवळा कदाचित सुकेल अशी आशा तिनं धरली होती, एवढंच. मुलगा दोन महिने घरात दिसावा म्हणून तिनं आपलं खळं देऊन टाकलं होतं. मला तिची कीव यायला हवी होती. आला तो संताप, आणि तो दादापाशी थांबेना. देवरूखच्या शाळेत मला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. आई एकटी पडेल म्हणून मी नाही म्हटलं होतं आणि तिला त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

"आणि मी गो?" मी ओरडले. "मी इथं राहावं म्हणून तू कधी काय दिलंस?"

तिनं माझं मनगट सोडलं आणि नवलानं माझ्याकडे पाहिलं.

"तू कुठं जाणारेस?"