ज्या सर्व्हरवर गर्दी नव्हती

परभणीत आमच्या गल्लीत नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की माणसं बाकी सगळं सोडून देतात. आई शाळेत रजा टाकते. त्या दिवशी मला रजा टाकता येण्यासारखी नव्हती.

मी एका लहान कंपनीत नवीन लागले होते, अजून कायम झाले नव्हते. घरून काम करायची मुभाही तात्पुरतीच होती. जमलं नाही तर पुण्याला ऑफिसात येऊन बसावं लागेल, असं मुलाखतीतच सांगितलं होतं. अनोळखी मुलींबरोबर एका खोलीत राहायचं, रोज दहा जणांसमोर बोलायचं, हे मला नको होतं.

आमची कंपनी छोट्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. त्यांवरची ऑपरेटिंग सिस्टीम ज्या सोर्स कोडपासून बनते, तो रोज ताजा ठेवणं माझं काम. मूळ कोड एका ठिकाणी असतो. सगळ्यांनी तिथेच धाव घेऊ नये म्हणून देशोदेशी त्याच्या नकला ठेवलेले सर्व्हर असतात, त्यांना मिरर म्हणतात. मी एक कमांड देते. ती माझी प्रत आणि मिररवरची प्रत ताडून बघते आणि फरक असेल तेवढंच आणते.

त्या सकाळी सिस्टीममधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, आणि तिची दुरुस्तीही. सीनियर सरांचा मेसेज आला की संध्याकाळपर्यंत नवी सिस्टीम बांधून हवी, आजच सगळ्या दवाखान्यांत चढवायची आहे. साहजिकच जगभरातली माणसं तोच कोड ओढत होती. माझ्या नेहमीच्या मिररवरून निम्मा कोड आला. त्यात दुरुस्तीची फाइलही आली, मी ती उघडून पाहिली. मग जोडणी तुटली. पुढे प्रत्येक वेळी एकच उत्तर: सर्व्हर बिझी आहे, नंतर प्रयत्न करा.

मला रांगेत उभं राहणं कधीच जमलेलं नाही. कुणी पुढे घुसलं तरी माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मी यादीतला दुसरा मिरर घेतला, तिसरा घेतला. एक लांबचा सर्व्हर पहिल्याच झटक्यात उघडला. सगळा कोड सरसर आला, कुठे तक्रार नाही. मी सिस्टीम बांधायला लावली आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायले.

तेवढ्यात आईने हाक मारली. गल्लीत सगळ्यांनी मोटारी लावल्यामुळे आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली होती. "काकूंच्या नळाला जोर हाय म्हणं. दोन घागरी आण, रांजण निम्माच भरलाय."

शेजारच्या काकूंच्या नळावर बायकांची गर्दी होती. मला बघून एक जण म्हणाली, "ही दिवसभर दार लावून काय करायली गं? काम हाय का सिनेमा बघायली?" मी हसल्यासारखं केलं आणि मागच्या अंगाला गेले. तिथे हौद होता, काठोकाठ भरलेला, आणि जवळ कुणी नव्हतं. घागरी बुडवल्या, घरी आणल्या, रांजणात ओतल्या.

आईने ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. "कुठलं आणलंस हे?"

"मागच्या हौदातलं."

"अगं, ते मागल्या खेपेचं पाणी. भांड्याधुण्याला ठेवलंय त्यांनी. म्हणून तर कुणी न्हाई तिथं."

"दोनच घागरी टाकल्या."

"दोन टाक न्हाई तर धा. आता हे प्यायचं न्हाई." असं म्हणून तिने अख्खा रांजण धुण्याच्या बादल्यांत रिकामा केला, सकाळपासून भरलेल्या ताज्या पाण्यासकट. भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या, "तुझ्या इंग्लिश शाळेत हौदातलं पाणी प्यायला शिकवतेत का गं, बाई?"

मी खोलीत आले. हात ओलेच होते. त्या लांबच्या सर्व्हरवर एक छोटी फाइल असते, त्याने स्वतः शेवटचा ताजा कोड कधी घेतला हे सांगणारी. मी ती आधी उघडलीच नव्हती. त्याची प्रत कित्येक दिवसांपूर्वीची होती. मग माझ्या प्रतीतली दुरुस्तीची फाइल उघडली. सकाळी डोळ्यांनी पाहिलेल्या ओळी तिथे नव्हत्या. कमांडला नवं-जुनं कळत नाही. समोर जसं आहे तसं ती माझ्याकडे करून ठेवते. सिस्टीम मात्र बिनचूक बांधली जात होती. ती तयार झाली असती, मी पाठवली असती, आणि सगळ्यांनी ती नवी म्हणून चढवली असती.

मी बांधणी थांबवली, सगळा कोड पुसला आणि नेहमीच्या मिररवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सर्व्हर बिझी आहे. संध्याकाळ गाठता येणार नाही हे उघड होतं.

सरांशी मी तोवर फक्त लिहून बोलत आले होते, तेही इंग्रजीत, दोनदा वाचून. मेसेज लिहिला, पुसला. त्यांनी तो उशिरा वाचला तर? फोन लावला. रिंग वाजत असताना वाटलं, उचलू नये.

"सर, आज संध्याकाळी नाही होणार. मी घेतलेला कोड जुना निघाला. पुन्हा आणायलेय."

त्यांनी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही, सर. मिररवर गर्दी आहे."

"बरं. दवाखान्यांना मी कळवतो. झालं की फोन करा. मेसेज नको."

त्यांच्या आवाजावरून काही कळलं नाही. मी परत परत कमांड देत बसले. अंगणात रांजणात करंगळीएवढी धार पडत होती. नळ जायच्या आत तो भरेल की नाही हे बघत आई पायरीवर बसली होती.

दिवेलागणीला जोडणी मिळाली. दुरुस्तीच्या ओळी दिसल्या, तरी सिस्टीम बांधून होईपर्यंत मी तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडून बघितली. मग फोन केला.

पुण्याला जावं लागलं नाही. हे मी त्याच खोलीत बसून लिहितेय. पण अजूनही एखादा सर्व्हर पहिल्याच झटक्यात उघडला की मी आधी त्याची तारीख बघते, आणि ती बरोबर निघाली तरी थोडा वेळ माझं बोट एंटरवर तसंच थांबून राहतं.