निमे पन्नास, त्याचे दुप्पट

दिवाणजींच्या तेराव्याला त्यांची दौत माझ्याकडे आली. पाणी घालताच वाळलेली शाई सुटली आणि त्या वासाने मी मनाने पुन्हा कारंजा गावच्या कापसाच्या पेढीवर जाऊन बसलो. तिथे मी त्यांच्या हाताखाली नुसत्या हुंड्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या पैसे देण्याच्या चिठ्ठ्या, लिहायचो. "इथंच राह्यला तं माह्यासारखा म्हातारा होशीन, लेका. बँकेत जाय," म्हणत त्यांनीच मला अकोल्याला मुलाखतीला धाडले. साहेबांनी शंभराचा चेक लिहायला दिला; हुंडीच्या सवयीने मी पुढे 'निमे पन्नास, त्याचे दुप्पट' असेही लिहून गेलो. बाकीचे उमेदवार फिदीफिदी हसले. "हे कशासाठी?" साहेबांनी विचारले. "आकडा कोणाला वाढवता येऊ नये म्हणून." ते म्हणाले, "सोमवारी रुजू व्हा." परतलो तेव्हा दिवाणजी भर बाजारात ओरडले, "पाह्य, हुंडीनंच नेलं तुले बँकेत!" आज मी त्या साहेबांच्या खुर्चीवर बसतो, पण ही आठवण लिहिली आहे ती दिवाणजींच्या दौतीतल्या शाईने.